मामाचा फोन आणि प्रभातचं फाटक

परवा मामाचा फोन आला. मामेबहीण बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. गॅदरिंगसाठी तिने दहा मिनिटांची एक फिल्म केली आणि तेव्हापासून तिला फिल्म स्कूललाच जायचंय. मामा म्हणाला, "तू इंजिनियर, तुझं ऐकेल. समजव तिला."

म्हटलं बघू. शनिवारी लॉ कॉलेज रोडवरून चक्कर मारली, घरी येऊन वाचत बसलो, आणि झालं भलतंच!

आज जिथे फिल्म इन्स्टिट्यूट आहे तो मूळचा प्रभातचा स्टुडिओ. प्रभात १९२९ साली कोल्हापुरात सुरू झाली आणि १९३३ मध्ये पुण्याला आली. १९३९ मध्ये कंपनीशी कराराचा वाद झाला तेव्हा शांता आपटे याच स्टुडिओच्या फाटकाशी उपोषणाला बसल्या. आघाडीची नटी, आणि फाटकाशी उपोषण! पुढच्याच वर्षी त्यांनी पुस्तक लिहिलं, 'जाऊ मी सिनेमात?' म्हणजे आमच्या मामाच्या घरातला प्रश्न १९४० मध्येच छापून झालाय.

प्रभात बंद पडली आणि १९६० मध्ये त्या आवारात इन्स्टिट्यूट आली. इथे पुण्याच्याच अरुणा राजे शिकायला आल्या, त्याही मेडिकल सोडून. आजही कुणी मेडिकल सोडतो म्हटलं तर घरात सुतक पडेल, तेव्हा काय झालं असेल कल्पना करा. १९६९ मध्ये सुवर्णपदक घेऊन त्या बाहेर पडल्या. आपल्या सिनेमातली पहिली प्रशिक्षित स्त्री तंत्रज्ञ म्हणून त्यांचं नाव घेतात. तेव्हाचं संकलन म्हणजे खरोखर कापाकापी. ३५ मिमी फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम, सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे मिनिटाला ९० फूट. तुकडा कापायचा, जोडायचा, चालवून बघायचा, चुकला तर उसवायचा. कंट्रोल-झेड नावाचा प्रकार नाही हो! दिग्दर्शनात त्यांचं नाव आलं १९७६ च्या 'शक' मध्ये, विकास देसाईंसोबत.

आता अलीकडचं. पायल कपाडियाला इथे पहिल्या प्रयत्नात प्रवेश मिळाला नाही, दुसऱ्यांदा मिळाला. २०१५ मध्ये नव्या अध्यक्षांच्या नेमणुकीविरुद्ध विद्यार्थ्यांचा संप झाला, तो १३९ दिवस चालला. त्यात ३५ विद्यार्थ्यांवर आरोपपत्र दाखल झालं, त्यात तीही होती. २०१७ मध्ये तिची 'आफ्टरनून क्लाउड्स' ही १३ मिनिटांची विद्यार्थीदशेतली फिल्म कानच्या विद्यार्थी विभागात गेली. त्यात काकीच्या भूमिकेत आपल्या उषा नाईक. २०२१ मध्ये तिच्या माहितीपटाला कानमध्येच 'गोल्डन आय' मिळालं, आणि २०२४ मध्ये 'ऑल वुई इमॅजिन ॲज लाइट' ला ग्राँ प्री. त्याचा उत्तरार्ध कोकणात घडतो, आणि त्यात छाया कदम आहेत.

मला मात्र बक्षिसांपेक्षा मधल्या वर्षांचा हिशोब लागला. १९६९ ते १९७६ सात वर्षं. २०१७ ते २०२४, पुन्हा सात! दोनच उदाहरणं, त्यांवरून नियम निघत नाही एवढं आम्हाला इंजिनियरिंगला शिकवलंय. आणि ज्यांचं काहीच झालं नाही त्यांची नावं कुणी लिहून ठेवत नाही, हेही खरं. पण आपण बघतो ते शेवटचं बक्षीस, आणि मुलगी घरातून निघते ती या सात वर्षांसाठी.

मामाला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "सात वर्षं? आणि तोवर जेवायचं काय?"

प्रश्न रास्त आहे. मी म्हटलं, नुसतं दिग्दर्शक व्हायचंय म्हणू नको, हातात एक कसब घे, असं तिला सांगतो. अरुणा राजेंच्या हातात संकलन होतं. दिग्दर्शक झाल्यावरही ते सुटलं नाही, १९८३ च्या 'मासूम'चं संकलन अरुणा-विकास याच जोडीचं. आणि पहिल्या वेळी प्रवेश मिळाला नाही तर एकदा अजून बसू दे तिला.

मामा बराच वेळ गप्प. मग विचारलं, "मामा, तिची ती दहा मिनिटांची फिल्म कशी वाटली?"

"मी कुठे बघितलीय?"

रविवारी जेवायला बोलावलंय. लॅपटॉप घेऊन ये म्हणाला.