‘डॉक्टरांनी सांगितले’ एवढे पुरेसे नाही : परिचारिकेची कायदेशीर व नैतिक जबाबदारी

इस्पितळात दाखल झालेल्या रुग्णाजवळ डॉक्टर दिवसातून एक-दोनदा येतात; उरलेला बहुतेक वेळ तो परिचारिकेच्या देखरेखीखाली असतो. औषध देणे, सलाईन लावणे, नाडी व रक्तदाब पाहणे, प्रकृतीतील बदल डॉक्टरांना कळविणे ही कामे तिचीच. तरीही डॉक्टरांचे आदेश पाळणारी मदतनीस, एवढीच तिची ओळख समाजात रुजली आहे. कायदा मात्र तसे मानत नाही. परिचारिका असो वा परिचारक, आपल्या हातून घडणाऱ्या कृतीस ती व्यक्ती स्वतः उत्तरदायी असते.

नोंदणी हा पाया

या व्यवसायाचे देशपातळीवरील नियमन १९४७ च्या भारतीय नर्सिंग परिषद कायद्याने सुरू झाले. त्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय नर्सिंग व मिडवायफरी आयोग कायदा संमत केला. मान्यताप्राप्त शिक्षण आणि नोंदणी या दोन अटी मात्र कायम आहेत.

नोंदणी ही निव्वळ औपचारिकता नव्हे, हे दिल्लीतील स्प्रिंग मेडोज इस्पितळाच्या खटल्याने दाखवून दिले. डिसेंबर १९९३ मध्ये विषमज्वराच्या उपचारासाठी तेथे दाखल झालेल्या एका लहान मुलाच्या वडिलांना परिचारिकेने लॅरियागो हे इंजेक्शन आणावयास सांगितले आणि ते मुलाच्या शिरेतून दिले. इंजेक्शन देताच मूल कोसळले. त्याच्या मेंदूला कायमची इजा झाली. ती परिचारिका कोणत्याही राज्याच्या नर्सिंग परिषदेकडे नोंदलेली नसल्याचे पुढे निष्पन्न झाले. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने मुलासाठी साडेबारा लाख आणि पालकांच्या मानसिक यातनांपोटी पाच लाख रुपयांची भरपाई ठरविली. सर्वोच्च न्यायालयाने मार्च १९९८ मध्ये ती कायम केली. कर्मचाऱ्याच्या चुकीतून इस्पितळाला अंग काढून घेता येत नाही, हेही या निकालाने स्पष्ट झाले.

फौजदारी कायद्यातील तफावत

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) नुसार निष्काळजीपणामुळे मृत्यू ओढवल्यास पाच वर्षांपर्यंत कारावास व दंड होऊ शकतो. वैद्यकीय उपचार करताना नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाकडून असे घडल्यास कारावासाची मर्यादा दोन वर्षांची आहे. परंतु या सवलतीसाठी मान्यताप्राप्त वैद्यकीय पात्रता आणि वैद्यकीय नोंदवहीत नाव असणे आवश्यक आहे. परिचारिकेचे नाव असते ते नर्सिंग परिषदेच्या नोंदवहीत. म्हणजेच कलमाचा शब्दशः अर्थ घेतल्यास एकाच खाटेवरील रुग्णाच्या बाबतीत डॉक्टरांना मिळणारे संरक्षण तिला मिळत नाही.

अर्थात प्रत्येक चूक हा गुन्हा ठरत नाही. वैद्यकीय उपचारांतील फौजदारी जबाबदारीसाठी निष्काळजीपणा घोर स्वरूपाचा असावा लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये जेकब मॅथ्यू खटल्यात सांगितले. तो खटला डॉक्टरांचा होता.

विचारणे आणि लिहिणे

अशा स्थितीत परिचारिकेला दोन गोष्टी तारू शकतात. पहिली, शंका विचारणे. औषधाचे नाव वाचता येत नसेल, मात्रा अधिक वाटत असेल वा रुग्णाला त्या औषधाची ॲलर्जी असेल, तर थांबून डॉक्टरांना विचारणे हा उद्धटपणा नसून कर्तव्य आहे. दुसरी, नोंद ठेवणे. कोणते औषध, किती, कोणत्या मार्गाने व किती वाजता दिले, डॉक्टरांना केव्हा कळविले, हे लगेच लिहून ठेवावे. दूरध्वनीवरून आदेश मिळाल्यास तो लिहून, परत वाचून दाखवून नंतर स्वाक्षरी घ्यावी. वर्षांनंतर न्यायालयात आठवणीपेक्षा हा कागद अधिक बोलतो.

संमती व गोपनीयता

शस्त्रक्रियेची माहिती देऊन संमती घेणे हे डॉक्टरांचे काम आहे. मात्र रुग्णाने न समजताच सही केल्याचे लक्षात आल्यास ते डॉक्टरांच्या निदर्शनास आणणे परिचारिकेचे कर्तव्य ठरते. एचआयव्हीबाधितांची माहिती गुप्त राखण्याचे बंधन २०१७ च्या कायद्याने घातले आहे. गोव्यासारख्या लहान राज्यात वॉर्डात ऐकलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत गावात पोहोचू शकते. म्हणून येथे गोपनीयतेचे मोल अधिक. याला अपवादही आहे. बालकावरील लैंगिक अत्याचार कळल्यास पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार त्याची खबर देणे बंधनकारक आहे.

कायद्याच्या पुढे

कायदा किमान कर्तव्य सांगतो. नीती त्याच्या पुढे जाते. मुंबईच्या केईएम इस्पितळातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ मधील हल्ल्यानंतर सुमारे ४२ वर्षे अंथरुणाला खिळून होत्या. सहकारी परिचारिकांनी पिढ्यान्‌पिढ्या त्यांची शुश्रूषा केली. इतक्या वर्षांत त्यांना शय्याव्रण झाला नाही, याची दखल सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या निकालात आहे. त्यांना जगू द्यावे, ही केईएमच्या कर्मचाऱ्यांची इच्छाही न्यायालयाने महत्त्वाची मानली.

अशी शुश्रूषा एकट्या परिचारिकेच्या बळावर होत नाही. पुरेसे मनुष्यबळ, वाचता येणारे आदेश आणि निर्भयपणे शंका विचारता येईल असे वातावरण देणे हे व्यवस्थापनाचे दायित्व आहे. रुग्णाच्या नातेवाइकांनीही ‘हे औषध कशासाठी?’ असे शांतपणे विचारावे. जबाबदार परिचारिकेला त्या प्रश्नाचा राग येण्याचे कारण नाही.