उत्तर स्वीडनची पातळ भाकरी

स्वीडन हा देश दक्षिणोत्तर दीड हजार किलोमीटरांहून अधिक लांब पसरलेला आहे, आणि दक्षिणेकडून उत्तरेकडे जावें तसतशी तेथील घरांतील भाकरीही बदलत जाते. दक्षिणेच्या स्कोने प्रांतांत राय नांवाच्या धान्याचा जाड व मऊ पाव पूर्वापार खाल्ला जाई. मध्य स्वीडनमध्यें त्याच रायची कडक, वाटोळी आणि मधोमध भोंक असलेली भाकरी करीत. येम्टलंड, वेस्टरबॉटन, नॉरबॉटन अशा उत्तरेकडील प्रांतांत मात्र सातूच्या पिठाची, जाड कागदासारखी दिसणारी भाकरी घरोघर होत असे. तिचें नांव टुनब्रोड. स्वीडिश भाषेंत त्याचा अर्थ ‘पातळ भाकरी’ एवढाच आहे. ओके कॅम्पबेल या लोकजीवनाच्या अभ्यासकानें १९५० सालीं स्वीडनच्या भाकरीवर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यानें भाकरीच्या या निरनिराळ्या मुलुखांचा तपशीलवार विचार केला, त्यावरून भाकरीचा हा भेद केवळ आवडीनिवडीचा नव्हे हें स्पष्ट होतें.

मग ही भाकरी इतकी पातळ कां? याचें पहिलें कारण तेथील उन्हाळा हें होय. उत्तर स्वीडनमध्यें बर्फ वितळल्यापासून पुन्हां दंव पडेपर्यंत शेतकऱ्याच्या हातीं फार थोडे आठवडे येतात. गहूं तेवढ्या अवधींत तयार होण्याची शाश्वती नसे. रायचाही भरंवसा धरतां येत नसे. सातू मात्र लवकर पिकतो. उन्हाळ्यांत सूर्य जवळजवळ मावळतच नाहीं, त्या अखंड उजेडाचा लाभ घेऊन तो भराभर वाढतो. परंतु सातूच्या पिठाला गव्हाच्या कणकेसारखा चिवटपणा नसतो, त्यामुळें त्याचा पाव चांगला फुगत नाहीं. ज्वारीच्या पिठाची जी अडचण महाराष्ट्रांतील गृहिणीला ठाऊक आहे, तीच ही अडचण. न फुगणाऱ्या पिठाचा जाड गोळा भाजला तर तो दगडासारखा होतो. तेंच पीठ पातळ केलें तर आंतपर्यंत भाजलें जातें आणि चवीलाही उतरतें.

दुसरें कारण पाण्याचें. ओढ्यांवरच्या लहान लहान पाणचक्क्यांत तेथें धान्य दळलें जाई. हिवाळ्यांत ओढे गोठले कीं चक्क्या थांबत, आणि भर उन्हाळ्यांत पाणी आटलें म्हणजेही त्यांची गति मंदावे. वसंतांत बर्फ वितळून ओढे दुथडी भरत तेव्हां, आणि पुन्हां शरदांत पीक घरांत आल्यावर, असे दळणाचे दोन मोठे हंगाम असत. दळण दोनदां, म्हणून भाजणेंही मुख्यतः दोनदां! एका खेपेस कुटुंबाला कित्येक महिने पुरेल एवढी भाकरी करून ठेवावी लागे. मऊ पावाला बुरशी येते. पातळ आणि खडखडीत वाळलेल्या भाकरीला येत नाहीं. मध्य स्वीडनमध्यें भाकरीच्या भोंकांतून काठी ओंवून ती काठी आढ्याला टांगीत. उत्तरेकडे भाकऱ्यांच्या चळती जमिनीपासून उंच उचललेल्या लांकडी कोठारांत रचून ठेवीत, म्हणजे ओल आणि उंदीर या दोहोंपासून त्यांचें रक्षण होई.

या भाकरीचा एक जुना साक्षीदार म्हणजे ओलाउस माग्नुस हा धर्मोपदेशक. त्यानें १५१८ व १५१९ या सालीं उत्तरेकडील प्रांतांत प्रवास केला होता. पुढें स्वीडनमध्यें धर्मक्रांति झाल्यावर त्याला स्वदेश सोडून रहावें लागलें, आणि रोम येथें १५५५ सालीं त्यानें उत्तरेकडील लोकांच्या चालीरीतींचा लॅटिन इतिहास छापविला. राजे, युद्धें, हिमवादळें आणि समुद्रांतील राक्षसी प्राणी यांच्या वर्णनांबरोबरच भाकरी भाजणाऱ्या स्त्रियांनाही त्यानें आपल्या ग्रंथांत जागा दिली. परदेशांत राहणाऱ्या त्या वृद्ध विद्वानाला घरच्या भाकरीची आठवण नोंदविण्याजोगी वाटली, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

भाकरी भाजण्याचे दिवस म्हणजे त्या गांवांतील मोठ्या धांदलीचे दिवस. अनेक ठिकाणीं यासाठीं ‘बाकस्तुगा’ नांवाची वेगळी झोंपडी असे; कधीं ती एका घराची, तर कधीं साऱ्या वाडीची मिळून. तींत दगडाची घुमटाकार भट्टी बांधलेली असे. काम एकटीचें नव्हे. शेजारणी एकमेकींच्या मदतीला येत. एक कणीक मळी, दुसरी लाटी, तिसरी भट्टीपुढें उभी राही. कांहीं वाकबगार स्त्रिया तर घरोघर जाऊन हेंच काम करीत.

सातूचें पीठ पाण्यांत किंवा दुधांत मळून त्याचे गोळे करीत. मीठ घालीत, कोठें बडिशेपेसारखे सुवासिक दाणेही वाटून घालीत. पुढें बटाट्याची लागवड पसरली तेव्हां उकडलेला बटाटाही कणकेंत येऊं लागला. गोळा प्रथम लाटण्यानें पसरावयाचा आणि मग ज्या लाटण्यावर खांचा पाडून बारीक चौकटी उठविलेल्या असतात तें लाटणें त्यावरून फिरवावयाचें. या खांचांमुळें भाकरीवर ठिपके उमटतात, वाफेला वाट मिळते आणि भाकरीला मोठे फुगे येत नाहींत. वरचें कोरडें पीठ मऊ कुंचल्यानें झाडून टाकावें लागे, कारण तें भट्टींत करपतें. मग दीड-दोन फूट व्यासाची ती पातळ पोळी एका लांब, चपट्या पट्टीवर अलगद उचलून भट्टींत सोडीत. भट्टीच्या एका बाजूस भूर्जाचीं लांकडें धडधडत असत आणि दुसऱ्या बाजूस तापलेल्या दगडावर भाकरी पडे. एका मिनिटाच्या आंत ती भाजून होई. तेवढ्या वेळांत ती फिरवावयाची आणि बाहेर काढावयाची. क्षणभर दृष्टि चळली कीं भाकरी जळालीच. मऊ हवी असेल तर ती गरम असतांनाच घडी घालीत. सांठवावयाची असेल तर पुरती वाळवीत. ही कला कोणत्याही पाठशाळेंत शिकवीत नसत. आईच्या शेजारीं उभें राहून मुलगी ती शिके.

कोठारांतील चळत हीच त्या घराची ठेव होती. ती संपली आणि पीक आलें नाहीं तर काय होई, याचीही नोंद इतिहासानें ठेवली आहे. प्रसिद्ध वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनीयस १७३२ सालीं लॅपलंडच्या प्रवासास गेला. तेथील वनस्पतींवर १७३७ सालीं त्यानें जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत दलदलींत वाढणाऱ्या एका वनस्पतीच्या मुळांपासूनही भाकरी करतात असें नमूद केलें आहे. पाइन वृक्षाच्या आंतल्या सालीची भाकरी तर सर्वत्र ठाऊक होती. उन्हाळ्याच्या आरंभीं झाडांत रस चढला म्हणजे ती साल सोलीत, वाळवून भाजीत, दळीत आणि उरलेल्या पिठांत मिसळीत. तिनें पोट भरल्यासारखें वाटे, पण अंगीं शक्ति फारशी येत नसे.

१८६७ साल उत्तर स्वीडनला फार कठीण गेलें. वसंत ऋतु इतका उशिरां आला कीं जून महिना उजाडला तरी कित्येक ठिकाणीं बर्फ हटलें नव्हतें. पेरणी लांबली, आणि सातू पिकण्यापूर्वींच शरदाच्या दंवानें त्याला गांठलें. ओढ्यांत पाणी होतें, चक्क्या शाबूत होत्या, लाटणारे हातही तेच होते. दळावयास दाणे मात्र नव्हते. लोकांनीं पुन्हां झाडांच्या सालीला हात घातला. मदत-समित्यांनींही कांहीं ठिकाणीं दगडफुलाच्या जातीची वनस्पति पिठांत मिसळण्याचा मार्ग पत्करला. पुढल्याच वर्षीं, १८६८ मध्यें, दक्षिणेकडे अवर्षण पडलें. या दोन वर्षांच्या आपत्तीनंतर हजारों कुटुंबांनीं अमेरिकेची वाट धरली. भाकरीच्या पातळपणांत सांठवलेलें शहाणपण एका वाईट हिवाळ्याला पुरे पडे. पीकच बुडालें म्हणजे त्याचा उपाय चालत नसे.

यानंतर काळ पालटला. स्टॉकहोममध्यें कडक भाकरीचा कारखाना १८५० सालींच निघाला होता. १८९४ सालीं उत्तरेकडची मुख्य रेल्वे बोडेन गांवापर्यंत पोंचली, आणि दूरच्या प्रांतांतील पीठ बर्फाळ मुलुखांत वर्षभर येऊं लागलें. घरोघर लोखंडी चुली आल्या. सहा महिन्यांची भाकरी एकदम करून ठेवण्याची निकड उरली नाहीं. पुष्कळ बाकस्तुगा ओस पडल्या, आणि खांचांचीं लाटणीं माळ्यावर गेलीं.

तरीही टुनब्रोड नाहींसें झालें नाहीं. दुकानांत तें आज सहज मिळतें. पण कित्येक गांवांत स्थानिक इतिहासप्रेमी मंडळांनीं जुन्या भट्ट्या दुरुस्त करून ठेवल्या आहेत, आणि नाताळापूर्वीं शेजारीपाजारी तेथें जमून भाकऱ्या भाजतात. ज्यांच्याजवळ भट्टी नाहीं ते घरच्या जाड तव्यावर तीच भाकरी करतात. तीन वाट्या सातूचें व दोन वाट्या गव्हाचें पीठ, थोडें लोणी, मीठ, चिमूटभर बडिशेप आणि भिजवण्यास दोन वाट्यांच्या आंत कोमट दूध, एवढें साहित्य पुरतें. कोणी त्यांत खमीरही घालतात. गोळा शक्य तितका पातळ लाटावा, खांचांचें लाटणें नसल्यास कांट्यानें टोचावा, आणि खूप तापलेल्या कोरड्या तव्यावर दोन्ही बाजूंनीं झटपट भाजावा. ऊन ऊन भाकरीवर लोणी फांसून ती गुंडाळून खाण्याची तेथें रीत आहे.

आज ही भाकरी करणाऱ्याला उपासमारीचें भय नाहीं. तो ती आवडीनें करतो. पण लाटतांना त्याचा हात ज्या पातळपणाचा आग्रह धरतो, तो पातळपणा अल्पायुषी उन्हाळ्यानें, गोठलेल्या ओढ्यांनीं आणि भट्टीपुढें उभ्या राहिलेल्या असंख्य अनामिक स्त्रियांनीं ठरविलेला आहे. त्या स्त्रियांचीं नांवें कोणत्याही ग्रंथांत नाहींत. त्यांच्या मुलींच्या आणि नातींच्या हातांनीं मात्र त्यांचें काम पुढें चालविलें आहे.