एमिल रेनो आणि हातानें चालविलेलीं चित्रें

चलच्चित्रांचा जन्म म्हटला म्हणजे ल्यूमिएर बंधूंचें नांव घेण्याचा प्रघात आहे. त्यांनीं २८ डिसेंबर १८९५ रोजीं पॅरिस येथें आपला पहिला सशुल्क जाहीर खेळ केला. परंतु श्रोतेहो, त्यापूर्वीं तीन वर्षें त्याच शहरांत लोक पैसे देऊन पडद्यावर हलतीं चित्रें पाहत होते. तीं चित्रें यंत्रानें टिपलेलीं नव्हतीं; एका माणसानें तीं एकेक करून स्वहस्तें रंगविलीं होतीं. त्याचें नांव एमिल रेनो.

रेनो यांचा जन्म ८ डिसेंबर १८४४ रोजीं पॅरिसनजीक मोंत्रई येथें झाला. वडील पदकें कोरण्यांत व यंत्रकामांत निष्णात. आई जलरंगांत चित्रें काढणारी. हा दुहेरी वारसा मुलाच्या हातांत एकवटला. पुढें ल प्वी या गांवीं ते शास्त्रीय विषयांवर व्याख्यानें देत व विषय समजावण्यासाठीं दिव्याच्या साह्यानें पडद्यावर चित्रें दाखवीत.

त्या काळीं मुलांच्या खेळण्यांत एक फिरतें नळकांडें असे. त्याच्या फटींतून पाहिलें म्हणजे आंतील चित्रमालिका हलल्यासारखी भासे; पण फटींमुळें प्रकाश फार थोडा मिळे. रेनो यांनीं १८७७ सालीं फटी काढून टाकल्या आणि मध्यभागीं बारा आरसे बसविले. पट्टीवरील बारा चित्रांचीं प्रतिबिंबें त्यांत एकामागून एक उमटून स्वच्छ दिसूं लागलीं. या यंत्रास त्यांनीं ‘प्राक्सिनोस्कोप’ असें नांव दिलें. तथापि बारा चित्रांत एकच हालचाल पुनःपुन्हां येई. गोष्ट सांगतां येत नसे.

गोष्टीसाठीं पट्टी लांब हवी होती. १८८८ सालीं त्यांनीं ‘तेआत्र ऑप्टिक’ या यंत्राचें पेटंट घेतलें. जिलेटिनच्या पारदर्शक चौकोनांवर रंगविलेलीं शेंकडों चित्रें एका पट्टींत गुंफलेलीं असत. दोन चित्रांच्या मध्यें भोंक असे व चाकाच्या खुंट्या त्यांत अडकून पट्टी नेमकी सरके. एका दिव्यानें पडद्यावर स्थिर देखावा पडे, दुसऱ्यानें त्या देखाव्यांत पात्रें वावरूं लागत.

२८ ऑक्टोबर १८९२ रोजीं ‘मुसे ग्रेव्हँ’ या मेणाच्या पुतळ्यांच्या संग्रहालयांत हे खेळ सुरू झाले. ‘बिचारा पिएरो’ या आख्यानाची पट्टी ३६ मीटर लांब असून तींत ५०० चित्रें होतीं. तीं सरळ ओढलीं असतीं, तर खेळ पाहतां पाहतां आटोपला असता. रेनो पट्टी पुढें नेत, मागें घेत, क्षणभर थांबवीत. त्यामुळें आख्यान सुमारें पंधरा मिनिटें चाले. कीर्तनकारानें श्रोत्यांकडे पाहून आख्यान लांबवावें वा आवरावें, तसाच हा प्रकार होता. १९०० पर्यंत असे सुमारें १२,८०० खेळ झाले व पांच लाख लोकांनीं ते पाहिले.

परंतु जें या कलेचें बळ, तीच तिची मर्यादा ठरली. खेळ रंगविण्यास रेनो यांचाच सरावलेला हात लागे आणि नव्या आख्यानासाठीं पुन्हां शेंकडों चित्रें रंगवावीं लागत. ल्यूमिएर यांचें यंत्र मात्र पेटींत घालून कोठेंहि नेतां येई. ७ जुलै १८९६ रोजीं, म्हणजे सात महिन्यांच्या आंतच, त्यांचीं चित्रें मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत दाखविलीं गेलीं. त्याच वर्षीं रेनो यांनींहि छायाचित्रांचा आश्रय केला. पण तींहि ते निवडून हातानेंच रंगवीत बसले. फेब्रुवारी १९०० अखेर ग्रेव्हँमधील खेळ बंद पडले.

पुढें हलाखीच्या व निराशेच्या दिवसांत त्यांनीं आपलें यंत्र फोडून टाकलें आणि बहुतेक पट्ट्या सेन नदींत सोडल्या. ९ जानेवारी १९१८ रोजीं ईव्री येथील रुग्णाश्रमांत त्यांचें निधन झालें.

त्यांची कल्पना मात्र नदींत बुडाली नाहीं. १९०८ सालीं एमिल कोल यांनीं शेंकडों रेखाचित्रें एकेक करून फिल्मवर घेतलीं, तेव्हां चित्रकाराची हलती रेषा आणि प्रवास करूं शकणारी फिल्म यांची गांठ पडली. २००२ पासून २८ ऑक्टोबर हा आंतरराष्ट्रीय अ‍ॅनिमेशन दिन म्हणून पाळला जातो. बचावलेल्या दोन आख्यानांच्या पट्ट्यांची नोंद २०१५ सालीं युनेस्कोनें ‘जगाची स्मृति’ या सूचींत केली. त्या पट्ट्यांवरील चित्रें आजहि मोजतां येतात. पण कोणत्या चित्रावर थांबावयाचें आणि कोठून मागें फिरावयाचें, हें पट्टीवर लिहिलेलें नाहीं. तें रेनो यांच्या हातालाच ठाऊक होतें.