शनिवारवाड्यांतील चित्रशाळा

मुळशी तालुक्यांत, पौडनजीक खुबवली गांवीं, १९९७ सालीं एक निवासी विद्यालय सुरू झालें. देशोदेशींचीं सोळा ते एकोणीस वर्षांचीं मुलें तेथें राहतात, आणि दृश्यकला हा तेथें गणित-विज्ञानाच्या पंक्तीला बसणारा विषय आहे. पुण्याहून मुळशीकडे जाणाऱ्या प्रवाशाला हें नवलाचें वाटेल. परंतु याच पुण्यांत, पेशव्यांच्या राहत्या वाड्यांत, दोन शतकांपूर्वीं चित्रकलेची शाळा भरत होती, हें फार थोड्यांना ठाऊक असतें.

चार्लस मॅलेट हा १७८६ पासून पुणें दरबारीं इंग्रजांचा वकील होता. लेणीं, देवळें, जनावरें, मल्ल, सारें कांहीं त्याला कागदावर उतरवून हवें असे. हेतु निव्वळ कलाप्रेमाचा होता असें मानण्याचें कारण नाहीं. परक्या मुलखाची माहिती गोळा करणें हेंच वकिलाचें काम. या कामीं त्यानें गंगाराम चिंतामण तांबट या पुणेकर कारागिराला जवळ केलें. पेशव्यांच्या शिकारखान्यांतील गेंड्याचें चित्र गंगारामानें १७९० च्या सुमारास काढलें.

जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९१ सालीं मुंबईस उतरला व पुढें पुण्यास आला. नाना फडणवीसांसह सवाई माधवरावांचें जें प्रसिद्ध चित्र आहे, तें याच वेल्सनें १७९२ सालीं काढलें. मॅलेटच्या सूचनेवरून पेशव्यांनीं शनिवारवाड्यांत जागा दिली आणि वेल्सच्या देखरेखीखालीं शाळा सुरू झाली.

आपल्याकडील चित्रकाराची रेषा पक्की, रंग सपाट. दूरचा खांब जवळच्या खांबाहून लहान दिसतो, ही गोष्ट त्याच्या डोळ्याला कळत नव्हती असें नव्हे. ती कागदावर दाखविण्याची त्याला गरज वाटली नव्हती. यथादर्शन आणि छायाप्रकाश या पाश्चात्य रीतीच्या दोन मुख्य गोष्टी. वेरूळच्या लेण्यांत, जेथें एका दालनामागें दुसरें दालन अंधारांत शिरत जातें, तेथें या विद्येचा खरा कस लागतो. गंगारामानें तीं लेणीं चितारलीं. पिढीजात कारागिराच्या हातीं परकी रीत आली, पण त्याची नजर परकी झाली नाहीं.

२७ ऑक्टोबर १७९५ रोजीं सवाई माधवराव वाड्यांत पडून वारले. वय अवघें एकवीस वर्षांचें. पुढच्याच महिन्यांत वेल्सही वारला. वाड्यांत वारसाचें कारस्थान माजलें. चित्रशाळेकडे कोण पाहतो? १७९७ सालीं मॅलेटनेंही पुणें सोडलें. वेरूळच्या चित्रांचें पुस्तक १८०३ सालीं लंडनला निघालें, तें वेल्सच्या नांवावर, टॉमस डॅनियलच्या देखरेखीखालीं.

साठ वर्षांनंतर पुन्हां अशी शिकवण सुरू झाली, ती मुंबईस. १८५५ सालीं एल्फिन्स्टन विद्यालयांत छायाचित्रणाचा वर्ग निघाला. फोटोग्राफीचा शोध जगजाहीर होऊन तेव्हां सोळाच वर्षें झालीं होतीं! त्या वर्गांतला हरिश्चंद्र चिंतामण पुढें नामांकित छायाचित्रकार झाला, आणि १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनांत त्याचीं चित्रें मांडलीं गेलीं. १८५७ सालीं जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून उभी राहिलेली कलाशाळाही आरंभीं याच विद्यालयांत भरूं लागली.

त्या कलाशाळेच्या विद्यार्थ्यांना घेऊन जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून अजिंठ्यास जात असे. भिंतींवरचीं चित्रें विरत चाललीं होतीं. तरुणांनीं पुष्कळ हंगाम लेण्यांत काढून त्यांच्या नकला कापडावर उतरविल्या. पेस्तनजी बोमनजी हे त्यांत प्रमुख. बाकीच्यांचीं नांवें आज फारशीं कोणाच्या ओठीं नाहींत. त्या नकला लंडनला पाठविल्या, आणि १८८५ सालीं साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयांतील आगींत त्यांतल्या पुष्कळ जळाल्या. ग्रिफिथ्सचा ग्रंथ १८९६ सालीं बाहेर पडला, तो जें हातीं उरलें होतें त्यावर.

गंगारामाचीं चित्रें मात्र वाचलीं. कसबा पेठेच्या तांबट आळींत हातोडीचा ठोका अजून ऐकूं येतो. पण गंगाराम तांबटाचे कागद पाहावयाचे तर अमेरिकेंतील न्यू हेवन येथें, येल विद्यापीठाच्या संग्रहालयांत जावें लागतें.