ठिपक्यांची चौकट आणि आपली अक्षरं

आजचा विषय पोरखेळ वाटेल, पण तसा तो नाही. जुन्या व्हिडिओ गेममधली चौकोनी ठिपक्यांची अक्षरं आज हौसेनं परत आली आहेत. तरुण मंडळी त्यांना ‘पिक्सेल फॉन्ट’ म्हणतात. ती हौस नव्हती, ती अडचण होती. मेमरी महाग. म्हणून एका अक्षराला आठ ओळी, आठ रकाने, म्हणजे चौसष्ट ठिपके. यात रोमन अक्षर आरामात बसतं. १९८४ साली आलेल्या मॅकिन्टॉशसाठी सुझन केअर यांनी ‘शिकागो’ हा टाइप अशाच ठिपक्यांतून घडवला.

आता आपल्याकडे या. स्टेशनवरचा दिव्यांचा इंडिकेटर डोळ्यांपुढे आणा. ‘खारघर’ लिहायला सोपं, कारण रेघेच्या वर काही नाही, खाली काही नाही. ‘मुंबई’ लिहून बघा! खाली उकार, वर अनुस्वार, मध्ये शिरोरेघ, शेवटी ‘ई’चा डोक्यावरचा फटकारा. आठ ओळींत हे मावेल कसं? मावलं तरी वाचता येईल का?

लिपीनंच आकसावं, ही मागणी जुनीच आहे. छपाई आणि टंकलेखन सोपं व्हावं म्हणून सावरकरांनी ‘अि, अी, अु’ अशी अ-ची बाराखडी सुचवली. १९५३ च्या लखनौ परिषदेत तर ऱ्हस्व वेलांटी उजवीकडे न्यायचं ठरलं. ते टिकलं नाही. वाचणाऱ्याच्या डोळ्यांनी ते मानलंच नाही म्हणा ना!

संगणकाच्या काळात मात्र उलटं घडलं. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं ‘जिस्ट’चं काम पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलं. संगणकात एक जादा कार्ड बसवायचं, जोडाक्षरं जुळवायचं काम ते करणार. १९९१ मध्ये ‘इस्की’ हे भारतीय मानक आलं. मग आपले र. कृ. जोशी. सुलेखनकार, आयआयटी मुंबईतले प्राध्यापक. त्यांचा ‘मंगल’ हा फॉन्ट विंडोज २००० बरोबर घरोघरी पोचला. लिपी तीच राहिली, यंत्र वाकलं.

मी तत्त्वज्ञानाचा माणूस, म्हणून एवढं सांगतो. मीमांसक म्हणत, वर्ण नित्य आहे, कारण पुन्हा ऐकला की ‘हा तोच’ अशी ओळख पटते. ते बोलत होते ध्वनीबद्दल. पण डोळ्यांनाही हीच कसोटी लावता येईल. ठिपके कितीही असोत, ‘हा तोच क’ असं वाटलं पाहिजे.

म्हणून आज जे कोणी देवनागरीचा ठिपक्यांचा फॉन्ट करत असतील, त्यांना एक विनंती. आठाचा हट्ट धरू नका, सोळा ओळी घ्या. ती आठाची चौकट परक्या अक्षरांच्या मापानं बेतलेली होती. आपल्या उकाराला पाय पसरायला जागा हवी, आणि आता ती द्यायला पैसे पडत नाहीत.