धन्यातले तण आणि खुरप्याचा हिशेब

धने, जिरे, ओवा, बडीशेप ही मसाल्याची पिके गाजराच्या कुळातली; मेथी तेवढी शेंगावर्गातली. जालना जिल्ह्यात यांपैकी धने अधिक परिचयाचे. रब्बीत हरभऱ्यात मिसळून किंवा शेताच्या कडेने ते टाकण्याची रीत आहे. या पिकाची अडचण अशी, की धने उगवायलाच दहा-पंधरा दिवस लागतात आणि नंतरही रोप सावकाश वाढते. चंदनबटवा, हरळी, लव्हाळा यांना एवढी उसंत पुरते. म्हणून पहिल्या दीड महिन्यात तण कमी खर्चात कसे काढावे, हा प्रश्न धन्याच्या पिकाला कायमच चिकटलेला आहे. त्याची उत्तरे कशी बदलत गेली ते आपण पाहू.

पहिले उत्तर पेरणीतच होते. तिफणीने ओळीत पेरले, की दोन ओळींमधून बैलाचे कोळपे फिरवता येते. इंग्लंडहून १८८९ साली आलेले रसायनतज्ज्ञ व्होल्कर यांनी १८९३च्या आपल्या अहवालात भारतीय शेतकऱ्यांच्या तणमुक्त शेतांची मनापासून प्रशंसा केली आहे. मात्र कोळपे ओळीतल्या तणाला हात लावू शकत नाही. तिथे खुरपेच लागते, आणि बी फेकून पेरलेले असेल तर सगळेच काम खुरप्यावर येते. हे खुरपे बहुधा बाईच्या हातात असते. बियाण्याचा आणि खताचा खर्च वहीत लिहिला जातो. घरच्या बाईने उन्हात बसून केलेली खुरपणी लिहिली जात नाही. खुरपणी स्वस्त वाटते त्याचे एक कारण हे आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटन व अमेरिकेत २,४-डी या तणनाशकाचा शोध लागला. वनस्पतींतील वाढीच्या संप्रेरकासारखे ते वागते. रुंद पानांची झाडे त्याने वेडीवाकडी वाढून मरतात, गवतवर्गीय पिके तगतात. गहू, मका, ऊस यांना त्याचा मोठा उपयोग झाला. धन्याला झाला नाही, कारण धने स्वतःच रुंद पानांच्या गटातले! त्याच दशकात अमेरिकेत गाजराच्या शेतावर ड्रायक्लीनिंगचे हलके खनिज तेल फवारू लागले. या कुळाच्या पेशी असे तेल सोसतात, इतर कोवळी तणे करपतात. १९६०च्या दशकात आलेले लिन्युरॉनही या कुळाला बरेचसे मानवले. मात्र आरोग्याच्या धोक्यामुळे युरोपीय संघाने २०१७ साली त्याची परवानगी पुढे चालू ठेवली नाही.

इकडे महाराष्ट्रात १९७२च्या दुष्काळात रोजगार हमीची कामे मोठ्या प्रमाणावर निघाली. पुढे १९७७चा कायदा झाला व तो १९७९पासून लागू झाला. स्त्रियांना शेताबाहेरचे काम मागता येऊ लागले. खुरपणीच्या दिवसाला आता किंमत आली. मजूर मिळत नाही अशी तक्रार आपण ऐकतो, तिची दुसरी बाजू ही आहे.

तणनियंत्रणाचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प १९७८ साली, तर अजमेरजवळ तबीजी येथील बी-मसाल्यांचे राष्ट्रीय संशोधन केंद्र २००० साली सुरू झाले. धने-जिऱ्यावरच्या प्रयोगांत एक जोडी पुन्हापुन्हा उपयोगी ठरली : पेरणीनंतर, उगवणीपूर्वी हेक्टरी सुमारे १ किलो क्रियाशील पेंडिमेथॅलिन आणि पुढे एक खुरपणी. हे औषध अंकुरातील पेशींचे विभाजन थांबवते. पण त्यासाठी मातीच्या वरच्या थरात ओल हवी. जालन्याच्या कोरडवाहू काळ्या रानात ती नसली तर पैसा वाया जातो. लव्हाळ्याच्या गाठींवर त्याचा फारसा परिणाम होत नाही. शिवाय पिकासाठी शिफारस आहे का, हे बाटलीवरच्या लेबलवर पाहावेच लागते. म्हणजे खुरपे सुटत नाही, त्याच्या फेऱ्या कमी होतात.

हा हिशेब विद्यार्थ्यांना शाळेच्या बागेत करता येईल. सारख्या आकाराचे तीन वाफे घ्या. एकात धने फेकून टाका, दोनांत ओळीने पेरा. ओळीच्या एका वाफ्यात अजिबात खुरपणी करू नका. उरलेल्या दोन वाफ्यांत तिसाव्या दिवशी खुरपणी करा आणि प्रत्येक वाफ्याला किती मिनिटे लागली ते घड्याळ लावून लिहा. शेवटी तिन्ही वाफ्यांचे धने तोला. मग गावात खुरपणीची रोजंदारी किती आहे ते विचारून त्या मिनिटांचे रुपये करा. घरी आईने या हंगामात किती दिवस खुरपले, हेही विचारायला सांगा.