दूरचित्रवाणी मालिकांचे डीव्हीडी संच

दूरचित्रवाणी मालिकेच्या एका किंवा अधिक हंगामांचे सर्व भाग एकत्र करून विकल्या जाणाऱ्या डीव्हीडींना मालिकेचा डीव्हीडी संच असे म्हणतात. अमेरिकेच्या बाजारात हे संच चित्रपटाच्या डीव्हीडीपेक्षा बरेच महाग असत. अधिक लांबी हे त्याचे उघड कारण असले, तरी ते एकमेव नाही.

किंमत

डीव्हीडी अमेरिकेत १९९७ मध्ये आली. तत्पूर्वी एका व्हीएचएस कॅसेटवर मालिकेचे बहुधा एक-दोनच भाग मावत असल्याने संपूर्ण हंगाम विकत घेणे अव्यवहार्य होते. २००० मध्ये 'द एक्स-फाइल्स'च्या पहिल्या हंगामाचा सात डीव्हीडींचा संच सुमारे १५० डॉलर छापील किमतीस निघाला. त्यात २४ भाग, म्हणजे सुमारे १८ तासांचे चित्रण होते. तासाला आठ डॉलरांहून थोडा अधिक, असा हा दर दोन तासांच्या २० डॉलरच्या चित्रपटापेक्षा स्वस्तच पडतो. मात्र रक्कम एकरकमी मोजावी लागे.

संगीताचे हक्क

जुन्या मालिकांचे संगीतविषयक करार बहुधा केवळ प्रसारणापुरते होते. घरगुती विक्रीसाठी प्रत्येक गाण्याची परवानगी नव्याने, शुल्क भरून घ्यावी लागे. एका हंगामात वीसहून अधिक भाग आणि भागागणिक अनेक गाणी असल्यास हा खर्च संचाच्या अपेक्षित विक्रीला पेलत नसे. रेडिओ केंद्रावर आधारित 'डब्ल्यूकेआरपी इन सिनसिनाटी' (१९७८–८२) या मालिकेचा पहिला हंगाम २००७ मध्ये निघाला, तेव्हा त्यातील अनेक मूळ गाणी बदलण्यात आली; जिचे कथानकच गाणी वाजवण्याभोवती फिरते, तिच्या बाबतीत ही हानी किरकोळ नव्हे. २०१४ मधील संपूर्ण संचात बहुतांश गाणी परत आली. १९९३ मध्ये संपलेल्या 'द वंडर इयर्स'चा संपूर्ण संचही याच अडचणीमुळे २०१४ पर्यंत रखडला.

चित्रणाचे पुनरुज्जीवन

चित्रपटाची संपादित निगेटिव्ह सहसा तयार असते. 'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन'चे चित्रीकरण ३५ मिमी फिल्मवर झाले, परंतु संपादन व दृश्यपरिणाम व्हिडिओटेपवर झाले होते. त्यामुळे २०१२ पासून निघालेल्या ब्ल्यू-रे आवृत्तीसाठी मूळ फिल्म पुन्हा स्कॅन करून सर्व १७८ भागांचे संपादन नव्याने करावे लागले.